आधी पावती शोधा

ताई, तुमच्या मावशींची हकीकत वाचली. फेब्रुवारीत गुहागरात खासगी दवाखान्यात फ्लूची लस घेतली, त्याच रात्री खांदा ठणकायला लागला आणि आता चार महिने झाले तरी वेणी घालायला हात वर जात नाही. त्यात अमेरिकेतला भाचा म्हणतो, 'इकडे याचे लाखो मिळतात.' तो खोटं बोलत नाही. पण ती सोय तिकडची.

तिथे 1986 च्या कायद्याने लशींच्या भरपाईची वेगळी योजना उभी केली. फ्लूच्या प्रत्येक डोसमागे 75 सेंट कर तिच्या निधीत जमा होतो. खांद्याची ही इजा 2017 पासून त्यांच्या भरपाईच्या तक्त्यात आहे. दुखणं 48 तासांच्या आत सुरू झालं, सहा महिन्यांहून जास्त टिकलं आणि खांद्याला आधी काही नव्हतं, तर टोचणाऱ्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. आपल्याकडे ती करावी लागते, आणि खरी अडचण तीच.

चूक म्हणजे बहुतेक वेळा जागेची. माझंच सांगतो. जेटीवर गंजका खिळा पायात घुसला, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला गेलो. मी स्टुलावर, कंपाउंडर उभा. बाही वर सरकवायचा कंटाळा, म्हणून त्याने शर्ट कॉलरकडून खाली ओढला आणि खांद्याच्या हाडाखाली जेमतेम एका बोटावर टोचलं. माझाही खांदा आखडला. टोचायला हवं दोन-तीन बोटं खाली, दंडाच्या जाड स्नायूत. वर टोचलं की औषध सांध्याजवळच्या पिशवीत उतरतं, सूज धरते आणि खांदा आखडतो. म्हणून दावा लस बनवणाऱ्या कंपनीवर नाही, टोचणाऱ्या दवाखान्यावर. मावशींना विचारा, पोलक्याची बाही घट्ट होती का, गळ्याकडून ओढली का, टोचणारी उभी होती का. आठवेल ते आजच तारीख घालून लिहून ठेवा.

आता पावती. पैसे देऊन लस घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. तुमच्यासाठी तो रत्नागिरीत. सरकारी आरोग्य केंद्रात सगळ्यांनाच फुकट टोचतात, तिथली तक्रार ग्राहक आयोग घेत नाही. 1995 सालीच सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. मग दिवाणी कोर्ट, आणि सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस. पावती नसली तरी ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद चालेल. आयोगात जायची मुदत दोन वर्षं. आयोगाची फी लशीसाठी दिलेल्या पैशांवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही. पाच लाखांपर्यंत शून्य. तेव्हा लशीच्या हजार-दोन हजारांसाठी फी लागणारच नाही. वकिलाची सक्ती नाही, आणि हवाच असेल तर बाईमाणसाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

दवाखान्याकडे लेखी अर्ज करून केसपेपर मागा. 72 तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. एमआरआय काढा. आणि अस्थिरोगतज्ज्ञाचं लेखी मत घ्या, पण गावाबाहेरच्या. एकाच बाजारात भाजी घेणारे डॉक्टर एकमेकांविरुद्ध लिहून देत नाहीत, हे मी पाच महिने फुकट घालवून शिकलो. शेवटी कोल्हापूरहून मत आणलं. त्यानंतर एका नोटिशीतच समोरचा तडजोडीला आला. मिळाला तो उपचारांचा खर्च आणि बुडालेल्या हंगामाचे थोडेफार पैसे. लाखो नाहीत.

आणखी एक. मावशींना मधुमेह आहे का? मधुमेहात खांदा आपोआपही आखडतो, आणि समोरचा वकील पहिला मुद्दा हाच काढेल. लशीआधीचे जुने कागद असतील, ज्यांत खांद्याची तक्रार कुठेच नाही, तर ते सोन्यासारखे जपा. आणि दाव्याच्या नादात हात झोळीत बांधून ठेवू देऊ नका. फिजिओथेरपी आजच सुरू करा. त्याच्या प्रत्येक पावतीवर तारीख असते.