पैसे दिलेत ना, मग अंकही घ्या

प्रश्न: ताई, मी नौपाड्यात राहते, मुलगा-सून लंडनला असतात. मे महिन्यात गेले होते तेव्हा स्टेशनबाहेर लाल जॅकेटवाला एक माणूस ‘द बिग इश्यू’ नावाचं मॅगझिन विकत होता, घर नसलेले, अडचणीतले लोक ते विकतात असं सूनबाई म्हणाली. मी पैसे दिले आणि अंक नको म्हटलं, बिचारा दुसऱ्याला विकेल. तर त्याचं तोंडच उतरलं हो. माझं काय चुकलं?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: मनात चांगलंच होतं तुमच्या, पण अंक नको म्हटलात तिथे त्याला लागलं. सुरुवातीला थोडे अंक फुकट मिळतात, पुढे प्रत्येक अंक तो स्वतःच्या पैशाने निम्म्या किमतीत घेतो आणि छापील किमतीला विकतो, मधला फरक त्याची कमाई. उरलेले अंक परत घेत नाहीत, त्यामुळे आज किती उचलायचे, पाऊस आला तर किती खपतील हा सगळा हिशोब त्याच्याच डोक्यात, आपल्या गजरेवालीसारखा. तो धंदा करायला उभा होता आणि आपण भीक घालून निघालो, असं झालं ते.

मला हे कळलं ते ठाणे स्टेशनबाहेरच्या सॅटिस पुलाखाली. तिथे एक आजोबा रुमाल, नेलकटर, सेफ्टी पिना घेऊन बसायचे, मी घाईत वीसची नोट ठेवली आणि राहू दे म्हणून निघाले, तर आजोबा सामान तसंच टाकून जिन्यापर्यंत मागे आले, पिनांचा पुडा माझ्या हातात ठेवला आणि एक शब्द न बोलता परत गेले. इतकं कसंतरी झालं मला! आता त्यांच्यासारख्या कुणाकडूनही घ्यायचं तर वस्तू घेते, आणि घासाघीस नाही.

न्यूयॉर्कमध्ये बेघर लोक विकायचे तो ‘स्ट्रीट न्यूज’ पेपर बघून गॉर्डन रॉडिक आणि जॉन बर्ड यांनी 1991 मध्ये लंडनला हा अंक काढला, आता जपानपासून अमेरिकेपर्यंत असे पेपर निघतात. घरबसल्या वर्गणीही भरता येते, पण तुमचा मुलगा तिथेच आहे ना, त्याला सांगा ऑफिसला जाताना एकाच माणसाकडून नेहमी घे, दोन शब्द बोल, सुट्टे नसले तर कार्ड चालतं का विचार, बऱ्याच जणांकडे मशीन असतं. आणि अंक वाचा हो, नुसता पिशवीत टाकू नका.

त्यांची जागा ठरलेली असते. पुढच्या खेपेला गेलात की त्याच स्टेशनबाहेर बघा, दिसला तर अंक मागून घ्या.