गेममधली गुपित कारागिरी लपवायची कशी?

प्रश्न: आम्ही डिचोलीचे चार मित्र ऑनलाईन फॅन्टसी गेम बनवतोय. त्यात मेनूत न दिसणारी एक जादुई कारागिरी (साहित्य जोडून वस्तू बनवायची रीत) ठेवायचीय, पण कोणी यूट्यूबवर टाकलं की संपलंच ना?

उत्तर: रेसिपी, म्हणजे कोणतं साहित्य किती घ्यायचं ते, सगळ्यांना सारखी असली तर हो. ती गेमच्या फाईलीत ठेवूच नका, लोक फाईली उघडून आधीच वाचतात, सर्व्हरवर ठेवा आणि प्रत्येक अकाउंटला साहित्याचं प्रमाण थोडं वेगळं पडू दे, म्हणजे व्हिडिओ बघून दिशा कळेल पण हात ज्याचा त्यालाच चालवावा लागेल.

आणि जादूसाठी लांब कशाला जाता, आपली कावी कला, म्हणजे भिंतीवरची लाल-पांढरी कोरीव चित्रं, घ्या की! गोव्यातल्या मोरजीच्या मोरजाई देवळात जाऊन भिंती बघाच. चुन्याच्या गिलाव्यावर लाल कावेचा (तांबड्या मातीच्या रंगाचा) थर देतात आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करतात, वाळला की गेलं. गेममध्येही तसंच ठेवा, पावसात थर उशिरा वाळतो म्हणून बारीक काम जमतं, उन्हात घाई. पडक्या घुमटीच्या (छोट्या देवळीच्या) ओल्या भिंतीवर खेळाडूची सुरी सहज घासली आणि खालून मंत्राचं एक अक्षर दिसलं, बस, तिथून सुरुवात. कोणी सांगायला नको!

फक्त यातली वस्तू लढाईत सगळ्यांवर भारी पडू देऊ नका, नाहीतर ज्यांना सापडलं नाही ते चिडून गेमच सोडतात.