एम-४५ या बुरशीनाशकाच्या पुड्यावर हिरवा त्रिकोण आहे, मग हातमोजे-मास्क लागतात का?

हो, लागतात. हिरवा त्रिकोण म्हणजे पोटात गेल्यावर लगेच जीव जाण्याचा धोका पुड्यांवरच्या चार रंगांच्या त्रिकोणांत (लाल, पिवळा, निळा, हिरवा) सर्वात कमी, एवढंच. बिनविषारी असा त्याचा अर्थ नाही.

एम-४५ म्हणजे मॅन्कोझेब. ते कातडीवर राहिलं की खाज, पुरळ उठतं, आणि एकदा ॲलर्जी बसली की पुढे थोड्या संपर्कानेही त्रास होतो. मोठी काळजी आहे ती इथिलीन थायोयुरियाची. मॅन्कोझेबचं विघटन होऊन हा पदार्थ तयार होतो आणि थायरॉईडच्या कामात अडथळा आणतो. पोटातल्या बाळाला असलेला धोका हेही एक कारण धरून युरोपियन युनियनने २०२० मध्ये मॅन्कोझेबची मंजुरी पुढे वाढवली नाही. म्हणून घरात कुणी गरोदर असेल तर तिला फवारणीला किंवा फवारणीचे कपडे धुवायला अजिबात लावू नका.

धोका फक्त फवारताना नाही, पुडा फोडून पिवळी भुकटी पाण्यात कालवतानाही मोठा असतो. भुकटी उडते, थेट नाकात जाते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. धूळ गाळणारा मास्क, चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. हाताने ढवळू नका, काठी घ्या. वाऱ्याकडे पाठ ठेवा. मध्येच तंबाखू मळू नका, हे कळकळीने सांगतो. घरी आल्यावर आधी साबणाने आंघोळ.

डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवा. पोटात गेलं तर ओकारी काढू नका, पुडा सोबत घेऊन दवाखाना गाठा. यावर ठरावीक उतारा नाही, त्यामुळे डॉक्टरांना औषधाचं नाव कळणं फार गरजेचं आहे.