वेबसाइटच्या ऑर्डर टॅलीत न्यायच्यात: थेट कॉल, काफ्का की रोजची फाइल?

दिवसाला दोन-तीनशे ऑर्डर आणि ऑफिसात टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) एकच पीसी, एवढ्यासाठी काफ्का (निरोपांची मोठी रांग चालवणारी सर्व्हर-यंत्रणा) नको. ते सांभाळायलाच एक माणूस लागेल. थेट कॉल तर मुळीच नको.

एका औषध वितरकाकडे सल्लागारानं हट्टानं तेच केलं: ऑर्डर आली की लगेच टॅलीच्या पोर्ट ९००० वर (बाहेरच्या विनंत्या टॅली जिथे ऐकतं तिथे) एक्सएमएल (खुणांमध्ये मांडलेला मजकूर). ‘रिअल टाइम पाहिजे’ म्हणे. मी तेव्हाच विरोध केला होता. टॅली उघडं आणि कंपनी लोड असेल तरच व्हाउचर (बिलाची नोंद) आत जातं. रात्री पीसी बंद, ऑर्डर चालूच. दिवसा टॅलीत मोठा रिपोर्ट चालू असला की उत्तर रेंगाळतं, वेबसाइट टाइमआउट धरून पुन्हा पाठवते आणि पहिलं व्हाउचर तर आधीच आत गेलेलं असतं. एका ऑर्डरची दोन बिलं, जीएसटी दोनदा. जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरताना अकाउंटंटनं एकेक बिल हातानं शोधलं. व्हाउचर मिनिटभर उशिरा पोचल्यानं कुणाचं काय अडणार होतं, याचं उत्तर त्या सल्लागारानं कधीच दिलं नाही.

आउटबॉक्स करा. ऑर्डर सेव्ह होते डेटाबेसच्या त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (म्हणजे दोन्ही नोंदी होतात किंवा एकही नाही) ‘पाठवायचं’ टेबलात एक ओळ टाका. ऑफिसच्या पीसीवरची छोटी सर्व्हिस दर मिनिटाला त्या ओळी ओढून घेईल आणि तिथल्या तिथे टॅलीला देईल. विनंती आतून बाहेर जाते, त्यामुळे स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) लागत नाही, राउटरवर पोर्ट उघडावा लागत नाही. ऑर्डरचा आयडी व्हाउचरच्या रिमोट-आयडीत (बाहेरून दिलेल्या ओळख क्रमांकात) घाला. तोच पुन्हा गेला तर नवं व्हाउचर न बनता जुनंच बदलतं. एचटीटीपी २०० (‘विनंती मिळाली’ असं उत्तर) आलं म्हणजे काम झालं असं धरू नका. उत्तरातले क्रिएटेड, अल्टर्ड, एरर्स हे आकडे आणि लाइनएरर (चूक सांगणारा मजकूर) वाचा, मगच ओळीवर ‘झालं’ लिहा.

चुका दोन जातीच्या. टॅली बंद असेल तर १, २, ४, ८ मिनिटांनी पुन्हा प्रयत्न. लेजरच (टॅलीतलं खातंच) सापडत नसेल तर शंभरदा पाठवून उपयोग नाही. ओळ बाजूला काढून अकाउंटंटला दाखवा. नावाचं स्पेलिंग वेगळं असलं तर लेजर सापडत नाही. ‘पाटील & सन्स’मधलं & एस्केप केलं नाही (त्याजागी ‘&’ लिहिलं नाही) तर एक्सएमएलच मोडतो. डेबिटची रक्कम उणे चिन्हानं जाते. रक्कम पूर्ण रुपयांत करताना उरलेला पैशांचा फरक राउंड-ऑफ लेजरला टाका, नाहीतर डेबिट-क्रेडिट जुळत नाही आणि व्हाउचर परत येतं.

फाइलबद्दल विचारलंत: दिवसातून एकदा चालत असेल तर फाइलही ठीक. फक्त ती तात्पुरत्या नावानं लिहा आणि पूर्ण झाल्यावर नाव बदला, नाहीतर अर्धवट फाइल उचलली जाते.

आणि हो, तीच ऑर्डर पुढे कुरिअर, गोदाम, सीआरएम (ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) अशी अनेक ठिकाणी जाणार असेल तर रॅबिटएमक्यूचा (निरोप रांगेत ठेवून वाटणाऱ्या सर्व्हरचा) विचार करा. एकदा ‘झालं’ लिहिलेली ओळ मात्र पुन्हा पाठवू नका. अकाउंटंटनं त्या व्हाउचरमध्ये हातानं केलेली दुरुस्ती पुसली जाईल.