पहिल्या प्रीतीविषयी

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. घोडबंदर रोडवरचा फ्लॅट, त्यासाठी वीस वर्षांचे कर्ज, ऐरोलीतली नोकरी, आणि या धावपळीत चर्चमधली रविवारची मिस्सा कधी सुटू लागली ते कळलेही नाही, असे तू लिहिले आहेस. आणि शेवटी विचारले आहेस की देवावर सर्वांहून अधिक प्रीती करायची म्हणजे हे सगळे सोडून द्यायचे का. प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा उत्तरही गुळमुळीत देणार नाही.

आपल्याकडे वैराग्याची थोरवी इतकी कानावर पडते की ख्रिस्ती माणूसही नकळत संसाराला तुच्छ लेखू लागतो. पवित्र शास्त्र तसे शिकवत नाही. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देव आपली निर्मिती पाहून ती फार चांगली असल्याचे ठरवतो. येशू सुताराच्या घरात वाढला, आणि वधस्तंभावर प्राण कंठाशी आले असतानाही त्याने आईला आपल्या शिष्याच्या हाती सोपवले. तेव्हा घर घेणे पाप नाही, लग्न करणे पाप नाही, आणि पगारवाढीचा आनंद होणे तर मुळीच नाही. बिघडते ते याच गोष्टी देवाच्या जागी बसून आपले निर्णय घेऊ लागतात तेव्हा.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातला तो श्रीमंत माणूस तुला माहीत आहे. लहानपणापासून आज्ञा पाळत आलेला, सार्वकालिक जीवनासाठी धावत येऊन गुडघे टेकणारा. येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली, हे मार्कच सांगतो. ते वाचल्याशिवाय पुढचे वाक्य वाचू नये, असे मला वाटते. सर्व विकून गोरगरिबांना दे, ही आज्ञा प्रीतीतून आली होती. पण जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराने आपले अर्धे धन गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे कबूल केले, तेव्हा येशूने उरलेल्या अर्ध्याचा हिशेब मागितला नाही. आणि येशूचा पाहुणचार करणाऱ्या मार्था व मरीया या बहिणींना बेथानीतले घर विकायला सांगितल्याचे कुठेही लिहिलेले नाही. प्रत्येकाची गाठ जिथे होती, तिथेच त्याने बोट ठेवले. त्यामुळे दुसऱ्याने काय सोडले यावरून तुला काय सोडायचे ते ठरणार नाही.

आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया आठव. जपानमध्ये तो आधी जेझुइट संघाच्या धर्मगुरूंबरोबर धर्मशिक्षक होता, नंतर व्यापारात उतरला आणि त्यात त्याचा चांगला जम बसला. तो व्यापार सोडून तो मनिलात फ्रान्सिस्कन या संन्यासी संघाचा बंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत वधस्तंभावर हुतात्मा झाला. माझे लक्ष मात्र एका वेगळ्याच गोष्टीकडे जाते. व्यापार गेला, पण जपानी भाषा गेली नाही. फ्रान्सिस्कनांबरोबर पुन्हा जपानला गेल्यावर त्यांचा दुभाषा म्हणून तीच भाषा कामी आली. देवाला पहिले स्थान दिले की बाकीचे सगळे तो हिरावून घेतो, ही भीती अनाठायी आहे. (आपल्या ठाण्यातही १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन हुतात्मे झाले. तलावपाळीवर भेळ खाताना हे किती जणांच्या ध्यानात असते कोण जाणे.)

आईच्या आजारपणात डोळे भरून आले, प्रार्थनेत मात्र कधी येत नाहीत, म्हणजे माझी देवावरची प्रीती कमी आहे, असेही तू म्हणतोस. ही कसोटीच चुकीची आहे. डोळ्यांनी दिसणाऱ्या माणसाविषयी मन लवकर हेलावते, तो आपला स्वभाव आहे. आणि आईच्या सेवेत गेलेला रविवार देवापासून चोरलेला नसतो; आईवडिलांना द्यायचे ते देवाला अर्पण केले आहे, असे सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने किती कडक शब्दांत फटकारले, ते मार्काच्या सातव्या अध्यायात पाहा. दोन प्रीती समोरासमोर उभ्या राहतात आणि एकीला नाही म्हणावे लागते, त्या घडीला आपण कोणाला नाही म्हणतो, यावर पहिली प्रीती ओळखावी.

तुझ्या पत्रात ती घडी आलेलीच आहे, तू ती एका ओळीत उरकली आहेस इतकेच. फ्लॅटची किंमत करारात कमी दाखवू आणि उरलेली रक्कम रोखीने देऊ, असे दलाल म्हणतो, आणि ‘सगळेच करतात’ असे तू पुढे जोडले आहेस. वीस वर्षांच्या हप्त्यांपेक्षा मला या ओळीची काळजी अधिक वाटते. घरासाठी कष्ट उपसणे वेगळे आणि घरासाठी खोट्यावर सही करणे वेगळे. धन आणि देव या दोघांची चाकरी करता येत नाही, हे वचन अशाच कागदापाशी खरे ठरते.

रोज संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याला येताना गाडीत मोबाइल थोडा वेळ खिशात ठेव आणि जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नाशियस याने शिकवलेली दिवसाची झडती घे: आज कशासाठी आभार मानावेत, मन कशामागे धावले, कुठे खोटे बोललो, उद्यासाठी कोणती कृपा मागावी. पगार जमा झाला की हप्ता वळता होण्याआधी दानाची रक्कम बाजूला काढ, मग ती लहान का असेना. मिस्सेविषयी वेगळे सांगत नाही; ती चुकवू नयेस.

दलालाला या आठवड्यातच स्पष्ट सांग की पूर्ण किंमत करारात लिहिली आणि सगळे पैसे बँकेतून गेले, तरच व्यवहार होईल. तो हसेल, कदाचित दुसरे गिऱ्हाईक शोधेल. शोधू दे. कळव्याला चौकशी कर; तिथून आईला आपले चर्चही जवळ पडेल.

तुझा,
धर्मशिक्षक काका