भूकंप आणि जुन्या इमारती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या इमारतीचा तळमजला वाहनांसाठी मोकळा असून त्यावर चार मजले आहेत. खांबांना एकही तडा नाही. तरीही धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो खांब बाहेरून पाहून कळत नाही. वरच्या मजल्यांना खोल्यांच्या विटांच्या भिंतींमुळे ताठपणा मिळतो. तळमजल्यावर त्या नसल्याने हादऱ्याची जवळजवळ सगळी आडवी हालचाल त्या एकाच मजल्यात एकवटते आणि खांबांची टोके फुटतात. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशा अनेक इमारती कोसळल्या.

स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून एक-दोन खांबांच्या टोकांजवळील काँक्रीटचे बाहेरचे आवरण काढून रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया, तपासून घ्या. मी उघडून पाहिलेल्या जुन्या खांबांत त्या बहुधा वीतभर अंतरावर आढळल्या. टोकांपाशी त्या साधारण चार बोटांवर हव्यात. रिंगेचे टोक काटकोनात वाकवले असेल, तर आवरण सुटताच ती उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. १३५ अंशांत आत वळवलेले टोक मात्र गाभ्यातील काँक्रीट धरून ठेवते. खांबांना जॅकेटिंग करणे, म्हणजे त्यांच्याभोवती नव्या सळया व काँक्रीटचा थर चढवणे, आणि खांबांमधल्या निवडक गाळ्यांत पायापासून काँक्रीटच्या भिंती किंवा पोलादी तिरके बंध घालणे, हा यावरचा उपाय आहे. सोयीचा म्हणून एकाच कोपऱ्यात भिंत बांधण्याचा आग्रह कृपया धरू नका, कारण त्यामुळे इमारत पीळ खाते आणि दूरचे खांब अधिक ताणले जातात.

प्रश्न : विटांच्या भारवाही भिंती आणि लाकडी तुळया असलेली जुनी इमारत पाडावीच लागते का?

उत्तर : भिंती आणि लाकूड सुस्थितीत असतील, तर बहुधा नाही. अशा इमारतीत तुळया भिंतींवर नुसत्या टेकलेल्या असतात. त्यामुळे हादऱ्यात भिंत बाहेर कलते आणि तुळई आधारावरून निसटते. मजले भिंतींशी पोलादी पट्ट्यांनी व बोल्टांनी जखडणे, हे पहिले काम. गच्चीचे सुटे कठडे त्याच वेळी बांधून घ्या. फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्चला विटांचे दर्शनी भाग रस्त्यावर पडून पादचारी आणि बसमधील प्रवासी मृत्युमुखी पडले होते.

प्रश्न : नुकतेच प्लास्टर आणि रंगकाम केले आहे. तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. त्याने पाणी मुरणे थांबेल. आडवा जोर सोसण्याची ताकद वाढणार नाही. सळया गंजल्या असतील, तर आधी त्यांचीच दुरुस्ती करावी लागेल.

प्रश्न : कामाच्या काळात घरे रिकामी करावी लागतात का?

उत्तर : काम तळमजल्यापुरते असेल, तर वरचे रहिवासी अनेकदा राहू शकतात. मात्र नव्या भिंतींसाठी पाया उकरताना एका वेळी मोजकेच खांब उघडावेत आणि भार तात्पुरत्या टेकूंवर घेतल्याखेरीज कोणत्याही खांबाचे काँक्रीट फोडू देऊ नये.