मॉरिशसला खरंच 'चमत्कार' म्हणायचं का?

बाहेरचे अभ्यासक मॉरिशसच्या प्रगतीचं आणि कारभाराचं एवढं कौतुक करतात ते कितपत खरं, असं तुम्ही विचारलंय. आधी नापास, मग एकदम सुवर्णपदक, असं त्या देशाचं प्रगतिपुस्तक आहे.

हे बेट आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. १९६१ साली जेम्स मीड या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी त्याचं भवितव्य कठीण ठरवलं होतं: एकट्या उसावरची अर्थव्यवस्था, मलेरिया हटल्यावर झपाट्याने वाढणारी लोकसंख्या आणि जातीजमातींची तेढ. मीडना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळालं. तोवर बेटाने त्यांना खोटं पाडायला सुरुवातही केली होती. २०११ मध्ये जोसेफ स्टिग्लिट्झ हे दुसरे नोबेलवाले त्यालाच 'चमत्कार' म्हणाले.

माझं मत विचाराल तर प्रत्येकाला तिथे आपापला सिद्धान्त सापडतो. खुल्या व्यापाराचा पुरस्कर्ता म्हणतो, १९७० पासूनच्या निर्यात क्षेत्राने (निर्यातीच्या कारखान्यांना खास सवलती देणाऱ्या योजनेने) तारलं. कल्याणकारी राज्यवाल्याला मोफत शिक्षण आणि आरोग्यसेवा दिसते. मला सगळ्यात पटतं ते अर्थतज्ज्ञ दानी रॉड्रिक यांचं म्हणणं. मॉरिशसने बाजार सरसकट खुला केलाच नाही. देशी कारखान्यांचं संरक्षण आणि तिथल्या पुरुष कामगारांच्या नोकऱ्या तशाच ठेवल्या, आणि शेजारी कपड्यांचे निर्यात कारखाने उभे केले. तिथे कामाला आल्या बायका, त्याही कमी मजुरीवर. त्यामुळे कुणाचा घास काढून घ्यावा लागला नाही आणि विरोधही झाला नाही. शिवाय युरोप त्यांची साखर ठरलेल्या कोट्यात चढ्या भावाने घेत होता, हे नशीब वेगळंच. चमत्काराच्या गोष्टीत त्या बायकांची मजुरी आणि ती साखर सहसा तळटीपेत जाते.

(तिथे शाळेत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. त्यामुळे कौतुक करताना आपलाही हात जरा सैल सुटतो, हे मान्य.)

कारभाराचंही तसंच. सगळ्या समाजांना संसदेत जागा मिळावी म्हणून हरलेल्यांपैकी आठ जणांपर्यंत निवडून घेण्याची तिथली पद्धत अभ्यासकांना फार आवडते. पण गुलामांचे वंशज असलेला क्रिओल समाज मागेच राहिला. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा त्यांचा लाडका गायक पोलीस कोठडीत मेला आणि दंगली उसळल्या, तेव्हा कुठे बाहेरच्यांना ते दिसलं.

अलीकडचं सांगायचं तर, नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीआधी चोरून टिपलेली फोनवरची संभाषणं बाहेर आली. सरकारने समाजमाध्यमांवर बंदी घातली आणि ओरड होताच दुसऱ्या दिवशी उठवली. मतदारांनी ६२ पैकी ६० जागा विरोधकांना दिल्या. पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ गेले आणि पूर्वीही पंतप्रधान राहिलेले नवीन रामगुलाम परत आले; दोघांचेही वडील पंतप्रधान होते. म्हणजे जगन्नाथांचं घर गेलं आणि रामगुलामांचं परत आलं.